आपली चूक नसताना



आयपीएलचा सामना चालू असताना व्याख्यानाला आलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार मानते. वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, शेती, नाट्यसंगीत अशा विषयांवर जाणकार बोलून गेले. माझ्या वाट्याला संगणक आला. निमंत्रण देताना कार्यवाहांनी बजावले होते, ‘मॅडम, ओटीपी कुणाला देऊ नये एवढे नीट समजावून सांगा, आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी जास्त असतात.’ तर ओटीपी कुणालाही देऊ नका. तो भाग संपला.

आता मुद्द्यावर येते. मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरी केली. खात्यातून परस्पर पैसे गेले अशा तक्रारींचे अर्ज आमच्याकडे अभिप्रायासाठी यायचे आणि त्यांवरचा शेरा जवळजवळ ठरलेला असायचा: ‘खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे’. दोन शब्दांत फाईल बंद. कित्येकदा तो शेरा बरोबरही असे. कुणी फोनवर पिन सांगितलेला असे, कुणी लॉटरीच्या आशेने लिंक उघडलेली असे. पण काही अर्ज असे यायचे की माणसाने नेमके काय चुकीचे केले ते सांगता येत नसे. त्याने नेहमीचे संकेतस्थळ उघडले, नेहमीसारखे तिकीट काढले, आणि महिन्याने पैसे गेले. तरी शेरा तोच. आज मी तुम्हाला काही घडलेल्या घटना सांगणार आहे. प्रत्येक घटना ऐकताना मनाशी एकच प्रश्न धरून ठेवा: इथे त्या माणसाने काय केले असते म्हणजे तो वाचला असता?

सुरुवात आपल्याला सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीपासून करू. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही माला चालते, त्यांच्या काळात या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती गर्दी असायची. तीच वर्तमानपत्रे आता आपण फोनवर वाचतो. फरक असा की छापील अंकातले पान एका छापखान्यातून येते आणि पडद्यावरचे पान शेकडो ठिकाणांहून येते. घरी गेल्यावर संगणकावर क्रोममध्ये एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राचे पान उघडा, कीबोर्डवरची एफ १२ ही कळ दाबा, ‘नेटवर्क’ असे लिहिलेले असेल तिथे टिचकी मारा आणि पान पुन्हा लोड करा. ओळींमागून ओळी पडायला लागतील. त्यातली एकेक ओळ म्हणजे तुमच्या ब्राउझरने कुठून तरी मागवलेली एकेक वस्तू. बातमी आणि छायाचित्रे वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येतील. अक्षरांचा फाँट दुसरीकडून, वाचक मोजणारे यंत्र तिसरीकडून, जाहिराती तर कुठून कुठून. हे जाहिरातवाले पुढे आणखी कुणाकुणाला बोलावतात. मंगल कार्यालयात यजमान दारात उभा राहून पाहुण्यांचे स्वागत करत असतो, पण वाढपी केटररने आणलेले असतात आणि बर्फवाल्याला केटररच्या माणसाने बोलावलेले असते. यजमानाला विचारले तर त्याला त्यातले एक नाव सांगता येणार नाही. वर्तमानपत्राच्या संपादकांची अवस्था अगदी तशीच आहे.

तुम्ही पान उघडता त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. पापणी लवायच्या आत बोली लागते आणि जो जिंकतो त्याचा मजकूर तुमच्या पडद्यावर येतो. हा मजकूर म्हणजे नुसते चित्र नसते, बहुतेक वेळा चालणारा कोड असतो. २००९च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला याचा पहिला मोठा फटका बसला. व्होनेज या टेलिफोन कंपनीच्या वतीने आलो असे सांगून कुणीतरी तिथे जाहिरातीची जागा विकत घेतली. आठवडाभर खरीच जाहिरात दाखवली. शनिवार-रविवार आला, कार्यालयात वर्दळ कमी झाली, तशी जाहिरात बदलली. वाचकांच्या पडद्यावर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, हे औषध विकत घ्या’ अशी खिडकी उघडू लागली. औषधच विष होते. पुढे २०१६च्या मार्चमध्ये अमेरिकेत ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘बीबीसी’, ‘एमएसएन’ अशा नामांकित पानांवर जाहिरातींच्या वाटेने एक टोळी घुसली. या वेळी खिडकी उघडली नाही, काही विचारलेही नाही. ज्याच्या ब्राउझरमध्ये किंवा फ्लॅशसारख्या पुरवणीत जुनी फट राहिलेली होती, त्याच्या संगणकात परस्पर घातक प्रोग्रॅम उतरला. काहींच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि खंडणीची मागणी आली. त्या वाचकाने कुठे बोट लावले होते? कुठेच नाही. त्याने बातमी वाचली. फार तर इतके म्हणता येईल की त्याने ब्राउझर वेळेवर अपडेट केला नव्हता, आणि त्या एका गोष्टीवर मी शेवटी येणार आहे.

आता जी घटना सांगते ती जरा तपशिलात सांगावी लागेल, कारण हा विषय समजायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही.

२०१८च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर लोक नेहमीसारखी तिकिटे काढत होते. लंडनला मुलाकडे जाणारी आपली पुण्या-मुंबईची आईवडील मंडळीही त्या काळात तिथून तिकीट काढत असणारच. पत्ता अचूक होता. कुलपाचे चिन्ह होते. संकेतस्थळही खरेच विमान कंपनीचे होते. पण त्या पानावर मॉडर्नायझर नावाची, जगभर वापरली जाणारी एक छोटी कोड-फाईल लोड होत असे. तिच्या शेपटाला कुणीतरी बावीस ओळी जोडल्या होत्या. त्या ओळी काय करत होत्या? तुम्ही कार्डाचा नंबर, नाव, पत्ता, मागचे तीन आकडे भरले आणि पैसे भरण्याच्या बटणावरून माऊसचे बोट उचलले, किंवा फोनवर टेकवलेले बोट उचलले, की त्या क्षणी अर्जातले सगळे रकाने वेचायचे, त्यांची एक पुडी बांधायची आणि ती दुसऱ्या एका पत्त्यावर पाठवून द्यायची. तो पत्ता होता ‘बीएवेज डॉट कॉम’. कानाला विमान कंपनीचाच वाटावा असा. त्या चोरट्या पत्त्यालाही रीतसर विकत घेतलेले सुरक्षा प्रमाणपत्र होते. आणि गंमत अशी की खरा व्यवहारही पूर्ण होत असे. तिकीट येत असे, आसन मिळत असे, विमान वेळेवर सुटत असे. शंका येण्यासारखे काही घडतच नव्हते.

हा प्रकार दोन आठवडे चालला. कंपनीने आधी तीन लाख ऐंशी हजार व्यवहारांना धोका झाल्याचे जाहीर केले. पुढे ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने चौकशी केली, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली असावी असे निष्पन्न झाले. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, ती मला या बावीस ओळींपेक्षाही जास्त बोचते. चाचणीसाठी सुरू केलेली एक सोय २०१५पासून चुकून तशीच चालू राहिली होती आणि तिच्यामुळे लोकांच्या कार्डांचा तपशील कंपनीच्या यंत्रणेत साध्या, वाचता येईल अशा मजकुरात साठत होता. कुणाला ती बंद करायचे सुचले नाही. आणि चोरी कंपनीने स्वतः पकडली नाही. ५ सप्टेंबरला बाहेरच्या कुणीतरी कळवले. आयुक्तांनी आधी १८ कोटी ३० लाख पौंडांच्या वर दंडाचा इरादा जाहीर केला होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२०मध्ये तो दोन कोटी पौंडांवर आला. करोनाने विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले होते, हे त्यातले एक कारण.

आता तो प्रश्न पुन्हा विचारा. तिकीट काढणाऱ्याने काय करायला हवे होते? पानाचा सगळा कोड वाचून शेवटच्या बावीस ओळी ओळखायला हव्या होत्या? मी तीस-पस्तीस वर्षे संगणकाशी झगडते आहे, मलाही ते जमले नसते.

इथे आपल्या रिझर्व्ह बँकेच्या पदरात तिचे माप टाकले पाहिजे. भारतात ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला ओटीपीसारखा दुसरा टप्पा तिने बंधनकारक केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी कुरकुर केली होती. परदेशी संकेतस्थळांवर तो टप्पा अनेकदा लागत नाही, म्हणून तिथे चोरलेला कार्डनंबर लगेच वटतो. १ ऑक्टोबर २०२२पासून तर दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवायलाच बंदी आली; त्याच्याजवळ फक्त एक बदली आकडा राहतो, ज्याला टोकन म्हणतात. हा नियम आला तेव्हा ‘दर वेळी कार्ड भरायचे का’ म्हणून आपणही वैतागलो होतो. ब्रिटनमधली ती साध्या मजकुरातली कार्डे आठवली की तो वैताग फुकटचा होता हे कळते.

ज्या कार्यालयाने विमान कंपनीला दंड ठोठावला, त्या माहिती आयुक्त कार्यालयाचीही एक कहाणी आहे. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येणाऱ्या लोकांचे संगणक उगाचच तापू लागले. या कार्यालयाने दृष्टिहीन आणि वाचायला अडचण असणाऱ्या लोकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी ब्राउझअलाउड नावाची सोय बाहेरच्या कंपनीकडून घेतली होती. चोरांनी त्या एका कंपनीची फाईल बदलली आणि जगभरातली चार हजारांहून जास्त संकेतस्थळे एका दिवसात बाधित झाली. त्यांत सरकारी, आरोग्य खात्याची, न्यायालयांची संकेतस्थळेही होती. पान उघडे आहे तोवर पाहुण्याच्या संगणकाला मोनेरो नावाचे आभासी चलन खणायच्या कामाला जुंपायचे, एवढेच या चोरांचे उद्दिष्ट होते. नशीब म्हणायचे. त्याच वाटेने पासवर्डही नेता आले असते.

आणि २०२४चा पॉलिफिल प्रकार याहून शहाणा. जुन्या ब्राउझरांना नव्या युक्त्या शिकवणारी ही एक फुकट फाईल लाखभर संकेतस्थळे एकाच पत्त्यावरून मागवत होती. फेब्रुवारीत तो पत्ता एका चिनी कंपनीने विकत घेतला. मूळ फाईल लिहिणाऱ्यानेच तेव्हा सांगितले होते की ती आता काढून टाका. कुणी ऐकले नाही. जूनमध्ये उघड झाले की ती फाईल काही निवडक फोनवरच्या वाचकांना परस्पर सट्टेबाजीच्या पानांवर पाठवत होती. निवडक का, तर दिवसाच्या ठरावीक वेळीच, ठरावीक फोनवरच, आणि संकेतस्थळाचा व्यवस्थापक लॉग-इन केलेला दिसला तर मुळीच नाही. म्हणजे तुम्ही तक्रार करणार, व्यवस्थापक आपल्या संगणकावर पान उघडून पाहणार, त्याला सगळे आलबेल दिसणार आणि तो तुम्हालाच सांगणार, ‘काका, तुमच्या फोनमध्ये काहीतरी घोटाळा आहे.’

बाहेरून मागवलेल्या फाइलीवर मोहोर लावायची सोय ब्राउझरमध्ये कधीपासून आहे. फाईल एका अक्षराने बदलली तरी ब्राउझर ती चालवायला नकार देतो. त्यासाठी संकेतस्थळ बांधणाऱ्याला कोडमध्ये एक ओळ जास्त लिहावी लागते. फाईल मुद्दाम वारंवार बदलत असेल तर मोहोर चालत नाही, हे खरे. मग ती फाईल स्वतःच्या सर्व्हरवर आणून ठेवावी. हे काम वाचकाचे नाही.

आता कुलपाकडे वळू. ‘पत्त्याच्या आधी कुलूप दिसते का ते पाहा, मगच पासवर्ड टाका’ हे वाक्य आम्ही बँकेच्या पत्रकांवर वर्षानुवर्षे छापले. कुलपाचा अर्थ मुळात एवढाच: तुमचा ब्राउझर आणि समोरचा सर्व्हर यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही, आणि पत्त्यात जे नाव लिहिले आहे त्याच नावाच्या सर्व्हरशी तुम्ही बोलता आहात. तो सर्व्हर चोराचा नाही अशी हमी त्यात कुठेच नाही. २०१५च्या अखेरीपासून तर अशी प्रमाणपत्रे फुकट आणि काही मिनिटांत मिळू लागली. ते चांगलेच झाले, त्यामुळे छोट्या वर्तमानपत्रांना आणि शाळांनाही ती परवडली. पण चोरांनाही परवडली. गूगलच्या अभ्यासात शंभरातल्या अकराच लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला होता. २०२३च्या सप्टेंबरमध्ये क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकले. आमची पत्रके मात्र अजून भिंतीवर असतील.

पण समजा, कुलपाचा खरा अर्थ ठाऊक असलेला जाणता माणूस आहे. तो तरी सुरक्षित आहे का? प्रमाणपत्रे कोण देते? जगात काही संस्था आहेत, त्यांच्यावर ब्राउझर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्यातली एक होती डिजिनोटार, नेदरलंड्समधल्या बेव्हरवाइक गावची. डच सरकारची कामे तिच्याकडे होती. २०११च्या जून महिन्यात तिच्या यंत्रणेत कुणीतरी शिरले आणि १० जुलैला गूगलच्या नावाचे एक खोटे प्रमाणपत्र बाहेर पडले. अशी खोटी प्रमाणपत्रे एकूण पाचशे एकतीस निघाली. जुलैतच कंपनीच्या लक्षात आले, काही प्रमाणपत्रे तिने गुपचूप रद्द केली आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसली. ते गूगलचे प्रमाणपत्र मात्र राहून गेले. इराणमध्ये ते वापरले गेले. तिथल्या लोकांनी जीमेल उघडले की पत्ता बरोबर दिसायचा, कुलूप दिसायचे, पत्रे दिसायची. मध्ये बसलेला कुणीतरी ती सगळी वाचत असायचा. पुढच्या चौकशीत सुमारे तीन लाख संगणकांचे पत्ते सापडले, जवळजवळ सगळे इराणचे. एखाद्याचे पत्र सरकारने वाचले तर त्याचे काय होऊ शकते, हे इराणच्या बाबतीत मी सांगायला नको.

हे उघडकीस कसे आले? ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इराणमधल्या एका वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला. गूगलच्या स्वतःच्या पत्त्यांसाठी कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रे चालतील याची यादी क्रोममध्ये आतच लिहिलेली होती आणि डिजिनोटार त्या यादीत नव्हती. त्या माणसाने इशारा दिसल्यावर ‘पुढे जा’ न करता गूगलकडे विचारणा केली. तेवढ्यावर सगळा डोलारा कोसळला. डच गृहमंत्र्यांना ऐन मध्यरात्री पत्रकार परिषद घेऊन सरकारी संकेतस्थळांवर भरवसा ठेवता येणार नाही असे सांगावे लागले आणि २० सप्टेंबरला कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्या सर्व्हरवर साधा अँटिव्हायरससुद्धा नव्हता. दुसऱ्यांच्या खरेपणाची ग्वाही देऊन पोट भरणारी ती संस्था होती.

डच लोकांवर हसण्याआधी २०१४ आठवावे. त्या वर्षीच्या २ जुलैला गूगलला पुन्हा स्वतःच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे सापडली, आणि ती दिलेली होती आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने. दिल्लीतल्या प्रमाणन नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची ती प्रमाणपत्रे रद्द केली. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच कुणीतरी भेदली होती, असा खुलासा झाला. भारताच्या या साखळीवर मायक्रोसॉफ्टचा विश्वास होता, त्यामुळे विंडोज वापरणारे सगळे जग धोक्यात होते. फायरफॉक्सची यादी वेगळी असते म्हणून ते वापरणारे वाचले. त्यानंतर गूगलने भारताच्या या साखळीला फक्त काही भारतीय नावांपुरते बांधून टाकले.

यातून एक चांगली गोष्ट झाली. आता प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद जाहीर वहीत करावी लागते, आणि एप्रिल २०१८नंतरच्या ज्या प्रमाणपत्राची अशी नोंद नाही ते क्रोम मानत नाही. ज्याच्या नावाने खोटे प्रमाणपत्र निघेल त्याला ते त्या वहीत दिसते, अर्थात त्याने वही पाहिली तर. आपल्याकडच्या किती नगरपालिका, किती पतसंस्था ती पाहत असतील? मला विचारू नका.

एक्स्टेन्शनबद्दल थोडे. ब्राउझरला आपण जी छोटी साधने जोडतो, जाहिरात अडवणारी, मराठी टाइप करणारी, पीडीएफ जोडणारी, ती बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते. आपण होय म्हणतो. सर्व म्हणजे सर्व, त्यात बँकही आली. द ग्रेट सस्पेंडर नावाचे एक चांगले, प्रामाणिक साधन वीस लाखांवर लोक वापरत होते. २०२०च्या जूनमध्ये त्याच्या निर्मात्याने ते अनोळखी मंडळींना विकले. वापरणाऱ्यांना कुणी कळवले नाही. साधन आपोआप अपडेट होत राहिले. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने घातक म्हणून ते बंद केले. २०२४च्या नाताळात तर सायबरहेवन या कंपनीच्या एक्स्टेन्शनमध्ये चोरांनी आपला कोड घुसवला. कंपनीचा धंदा काय, तर इतर कंपन्यांची माहिती गळू न देणे! गूगलकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या एका मेलला तिचाच कर्मचारी फसला होता. सुमारे चार लाख लोकांच्या ब्राउझरमध्ये नाताळच्या दिवशी ते अपडेट आपोआप पोचले.

अशा वाटेने चोरी होते ती बहुधा पासवर्डची नसते, कुकीची असते. तुम्ही एकदा लॉग-इन केलेत की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देते, पुढे दर पानाला तो दाखवला की पुरते. तो बिल्ला चोराने उचलला की त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. २०१०मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने फायरशीप नावाचे साधन काढून दाखवून दिले होते की एकाच वाय-फायवर बसलेल्या कुणाचेही फेसबुक नुसत्या टिचकीने उघडता येते. सगळी मोठी संकेतस्थळे त्यानंतर हळूहळू सगळे बोलणे गुप्त करायला लागली. त्यामुळे कॅफेतल्या किंवा रेल्वे स्टेशनावरच्या वाय-फायची भीती आता बरीचशी जुनी झाली आहे. भाषणांतून ती अजून सांगतात. मला तिच्यापेक्षा फुकटच्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून संगणकात शिरून कुकी वेचणाऱ्या प्रोग्रॅमची भीती कितीतरी जास्त वाटते.

राहता राहिला पत्ता. पत्ता नीट वाचा, असेही आपण सांगतो. एप्रिल २०१७मध्ये शूडाँग झेंग या तरुणाने एक पान उघडून दाखवले. पत्त्यात ‘अ‍ॅपल डॉट कॉम’ दिसत होते, पण ‘डॉट कॉम’च्या आधीचे एकही अक्षर इंग्रजी नव्हते. सगळी रशियन लिपीतली, तंतोतंत तशीच दिसणारी. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही फसले. क्रोमने लगेच दुरुस्ती केली. आपल्याकडेही ऑगस्ट २०१४पासून ‘डॉट भारत’ अशी देवनागरी नावे मिळतात, आणि ख व रव यांत डोळा कसा चकतो ते कोणत्याही मुद्रितशोधकाला विचारा. पण चोराला इतके श्रम घ्यावे लागतच नाहीत. २०२५मध्ये महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तशी लगोलग तिच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली आणि परिवहन खात्याला पोलिसांत जावे लागले. खरा पत्ता कोणता, हे तरी लोकांना कुठे ठाऊक होते? दर योजनेला नवे संकेतस्थळ, नवे लांबलचक नाव. सरकारी खात्यांनीच लोकांना ही सवय लावली आहे.

म्हणून रिझर्व्ह बँकेचा एक निर्णय मला सगळ्या जनजागृती मोहिमांपेक्षा मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०२५मध्ये तिने जाहीर केले की बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाखाली आणायची. ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. हे शेपूट फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि फक्त बँकेलाच देते. ते सहकारी बँकांनाही लागू आहे. खातेदाराला आता पूर्ण नाव तपासत बसायला नको, शेवट पाहिला की झाले. चोराची वाट अडवायची असेल तर ती अशी, जिथे अडवायचा अधिकार आहे तिथे.

हीच माझी आजची तक्रार आहे. ‘सावध राहा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याने जबाबदारी अलगद खातेदाराच्या डोक्यावर सरकते. बावीस ओळींची फाईल, बेव्हरवाइकमधला उघडा सर्व्हर, नाताळातले अपडेट, यांतल्या एकाही ठिकाणी माणूस निष्काळजी नव्हता. निष्काळजी होते पान बांधणारे आणि पैसे वाचवणारे. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने कंपन्यांना असा प्रकार सहा तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवावा लागतो. ज्याची माहिती गेली त्या माणसाला कळवण्याचे बंधन २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, सुरक्षेत कसूर केली तर दोनशे पन्नास कोटींपर्यंत दंडही आहे. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी अठरा महिन्यांची सवलत दिली गेली. सरकारला सहा तास आणि नागरिकाला वर्षे, हा हिशेब मला मान्य नाही.

तोवर आपण काय करायचे? फोन आणि ब्राउझर अपडेट मागतो तेव्हा ‘नंतर’ म्हणू नका. २०१६च्या त्या जाहिरातींपासून वाचलेले लोक बहुतेक अपडेट करणारे होते. ज्या एक्स्टेन्शनचे नाव पाहून ती का बसवली ते आठवत नाही, ती काढा. बँकेचे काम एका वेगळ्या ब्राउझरमध्ये करा, ज्यात एकही एक्स्टेन्शन नाही. परदेशी खरेदीची सोय कार्डावर गरजेपुरतीच चालू ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती चालू-बंद करता येते. एवढे केले की तुमच्या हातात होते ते झाले.

आणि तरीही पैसे गेले तर लाजू नका. घरातल्यांना सांगायला संकोच वाटतो म्हणून लोक चार-चार दिवस गप्प बसतात, आणि तिथेच नुकसान होते. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात, आणि पुढे त्याच वर्षी सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकात, हे स्पष्ट लिहिले आहे: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, दुसरीकडेच कुठेतरी फट पडली आहे, आणि व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. कामकाजाच्या सात दिवसांपर्यंत ती मर्यादित राहते. खातेदार निष्काळजी होता हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. तेव्हा उत्तरात तो दोन शब्दांचा शेरा आला तर त्याचा पुरावा लेखी मागा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. आणि शाखेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.